पाटी नसलेल्या जागी थांबताना: इंग्लंडच्या खेड्यांतून स्त्री-मताधिकाराची इतिहासफेरी कशी आखावी

बाथ शहराला लागून असलेल्या बाथईस्टन गावात एक ऑस्ट्रियन पाईन उभा आहे. रोझ लामार्टीन येट्स यांनी तो १९०९ मध्ये लावला. १९०९ ते १९११ या काळात तिथल्या ईगल हाऊसच्या आवारात मताधिकारासाठी लढणाऱ्या बायकांनी चाळीसहून अधिक झाडं लावली होती. तुरुंगात जाऊन आलेल्या बाईच्या नावानं सूचिपर्णी आणि बाकीच्या कार्यकर्तीच्या नावानं हॉली, म्हणजे काटेरी पानांचं सदाहरित झाड, अशी पद्धत होती. घरमालक कर्नल लिनली ब्लॅथवेट झाडासोबत प्रत्येकीचा फोटो काढायचे. १९६०च्या दशकात तिथे घरांची वसाहत आली आणि झाडं गेली. हा एक पाईन तेवढा उरला.

खेड्यातल्या मताधिकाराच्या इतिहासाचं हे असं आहे. लंडनमध्ये पुतळे आणि निळ्या गोल पाट्या आहेत, वाटाड्यानं नुसतं बोट दाखवलं तरी भागतं. खेड्यात दाखवायला फार तर एक हिरवळ, एक जुना बाजारचौक, एखादं दुसऱ्याच कुणाचं झालेलं घर. काहीच न दिसणाऱ्या जागी पंधरा माणसांना थांबवायचं आणि तिथे काय झालं ते खरंखुरं सांगायचं, हेच या फेरीतलं कसब. तुम्ही इंग्लंडमध्ये राहत असाल आणि आपल्या भागात अशी फेरी काढावी असं मनात असेल, तर सुरुवात कुठून करायची आणि कुठे पाय घसरतो, ते इथे क्रमानं लिहितो.

पहिली पायरी: गोष्ट कुणाची, ते आधी ठरवा

नकाशा नंतर उघडा. आधी एका गैरसमजाचा निकाल लावा. मताधिकार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर साखळ्यांनी स्वतःला बांधून घेणाऱ्या, काचा फोडणाऱ्या सफ्रेजेट येतात. हा शब्द १९०६ मध्ये डेली मेल या वर्तमानपत्रानं हिणवण्यासाठी काढला आणि एमेलिन पँकहर्स्ट यांच्या संघटनेनं तो मिरवला. ही संघटना, विमेन्स सोशल अँड पोलिटिकल युनियन, १९०३ मध्ये मँचेस्टरला सुरू झाली. तिच्याआधीपासून, १८९७ पासून, मिलिसेंट फॉसेट यांचा राष्ट्रीय संघ काम करत होता. अर्ज, सभा, पत्रकं, खासदारांच्या भेटी, सगळं कायद्याच्या चौकटीत. या बायकांना सफ्रेजिस्ट म्हणत. १९१४ पर्यंत या संघाची सभासदसंख्या पन्नास हजारांवर गेली होती. तुमच्या गावात किंवा शेजारच्या बाजारगावात शाखा असेल तर ती बहुधा यांचीच निघेल.

मराठीत दोघींना 'मताधिकारवादी' म्हणून आपण मोकळे होतो. फेरीत तसं करू नका. रंगांतही घोळ होतो. जांभळा, पांढरा, हिरवा हे पँकहर्स्टबाईंच्या संघटनेचे रंग. फॉसेटबाईंच्या संघाचे लाल, पांढरा, हिरवा. विमेन्स फ्रीडम लीग या तिसऱ्या संघटनेचे हिरवा, पांढरा, सोनेरी. जिथे फक्त लाल-पांढऱ्या-हिरव्याची शाखा होती त्या गावात सगळ्यांच्या छातीवर जांभळ्या फिती लावून फिरणं फोटोला छान दिसतं, पण ज्या बायकांनी 'आम्ही कायदा पाळणाऱ्या आहोत' असं लिहिलेले फलक घेऊन पायपीट केली त्यांच्यावर तो अन्यायच.

कारण इंग्लंडच्या खेड्यांतली या लढ्याची सर्वांत मोठी घटना ही पायपीटच होती. १८ जून १९१३ ला न्यूकॅसल आणि कार्लाईलहून बायका चालायला लागल्या, मग देशाच्या इतर टोकांहून. कल्पना कॅथरीन हार्ली यांची. नावही त्यांनी तीर्थयात्रेचंच दिलं होतं. पोशाख करडा, पांढरा, काळा किंवा गडद निळा, आणि रॅफियाचा, म्हणजे ताडाच्या जातीच्या झाडाच्या धाग्याचा, शिंपल्याच्या आकाराचा बिल्ला, कारण शिंपला ही तिथल्या जुन्या यात्रेकरूंची खूण. सगळे रस्ते २६ जुलैला हाईड पार्कमध्ये मिळाले आणि तिथे सुमारे पन्नास हजार लोक जमले. सगळ्याच जणी पूर्ण अंतर चालल्या नाहीत. कुणी एक दिवस, कुणी एक आठवडा, कुणी सायकलवर. वारीशी तुलना करायचा मोह मला दर वेळी होतो. मी ती एकदाच करतो आणि सोडून देतो.

तुमचं गाव या यात्रेच्या वाटेवर होतं का, हे सर्वांत आधी बघा. असेल तर फेरीचा कणा तुम्हाला आयता मिळाला.

दुसरी पायरी: कागद

इथे घाई केली की पुढे सगळं पोकळ होतं. मी या कामाला निदान तीन महिने देतो. साधनं साधारण ज्या क्रमानं उपयोगी पडतात, त्या क्रमानं सांगतो.

सुरुवात १८६६च्या मताधिकाराच्या अर्जापासून. एमिली डेव्हिस आणि एलिझाबेथ गॅरेट तो घेऊन वेस्टमिन्स्टरला गेल्या आणि खासदार जॉन स्टुअर्ट मिल येईपर्यंत तो एका सफरचंदवालीच्या ठेल्याखाली लपवून ठेवला. सुमारे दीड हजार बायकांच्या सह्या होत्या आणि नावांची यादी तेव्हाच छापली गेली. यादीत गावांची नावं आहेत. तुमच्या पंचक्रोशीतली एक जरी सही सापडली, तरी फेरीची सुरुवात पँकहर्स्टबाईंच्या कितीतरी आधी, जवळजवळ चाळीस वर्षं मागे जाते.

मग १८९४चा स्थानिक स्वराज्याचा कायदा. खेड्याच्या दृष्टीनं याच्याइतका महत्त्वाचा कायदा नाही, आणि फेऱ्यांमध्ये याचं नावही निघत नाही. या कायद्यानं पॅरिश कौन्सिलं आली, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखी संस्था, आणि त्यांत बायकांना मत देता येऊ लागलं, उभंही राहता येऊ लागलं. विवाहित बायकांनासुद्धा. अट एवढीच की एकाच घराच्या आधारावर नवरा आणि बायको दोघांना मत मिळत नसे. ससेक्समधल्या डेनहिलच्या मेरी कॉर्बेट अशाच वाटेनं ग्रामीण जिल्हा कौन्सिलात आणि अकफील्डच्या गरीबकायदा मंडळावर गेल्या आणि वर्कहाऊसमधली, म्हणजे निराधारांना ठेवायच्या सरकारी घरातली, मुलं बाहेर काढून गावातल्या घरांत वाढायला ठेवू लागल्या. १९१८ मध्ये संसदेचं मत मिळायच्या चोवीस वर्षं आधी खेड्यातल्या बायका गटारं, रस्ते आणि अनाथ मुलं यांवर निर्णय घेत होत्या. पॅरिश कौन्सिलाची जुनी इतिवृत्तं काउंटीच्या अभिलेखागारात असतात. ती मागवा आणि बाईचं नाव पहिल्यांदा कधी येतं ते शोधा.

वर्तमानपत्रं तिसऱ्या क्रमांकावर. स्थानिक पत्रांत सभांच्या बातम्या येत. संघटनांची स्वतःची साप्ताहिकंही होती: राष्ट्रीय संघाचं कॉमन कॉज, फ्रीडम लीगचं द व्होट, पँकहर्स्ट गटाचं व्होट्स फॉर विमेन आणि १९१२ पासून द सफ्रेजेट. या साप्ताहिकांत गावोगावच्या शाखांचे बारीक अक्षरांतले वृत्तांत असतात: कुठल्या दिवशी कुठे सभा, अध्यक्षस्थानी कोण, किती नवीन सभासद. अंकीकृत (डिजिटल केलेल्या) पानांत शोध घेताना गावाच्या नावाची जुनी वर्णलेखनं आणि चुकीची छापलेली अक्षरंही टाकून बघा. बाईचं नाव शोधताना तर जास्तच सावध राहा, कारण 'मिसेस' लिहून पुढे नवऱ्याचं नाव छापायची रीत होती. तिचं स्वतःचं नाव काढायला जनगणनेकडे जावं लागतं.

आणि जनगणना ही तर खाणच. २ एप्रिल १९११ ची रात्र. 'आम्हाला नागरिक मानत नाही तर मोजता कशाला' म्हणून बायकांनी बहिष्कार घातला. काहींनी फॉर्म भरायला नकार देऊन त्यावर आडवं 'मत नाही तर जनगणना नाही' असं लिहिलं. काही त्या रात्री घरीच राहिल्या नाहीत, एखाद्या रिकाम्या घरात गोळा झाल्या. एमिली वाइल्डिंग डेव्हिसन ही सफ्रेजेट तर संसदेच्या तळघरातल्या चॅपलच्या कपाटात लपल्या होत्या. १९११ पासून घरच्यांनी स्वतःच्या हातानं भरलेले मूळ फॉर्म जपलेले आहेत, त्यामुळे अक्षर, खाडाखोड, राग, सगळं दिसतं. बहिष्कार नसला तरी फॉर्म वाचाच. त्या वर्षी विवाहित बाईला विचारलं होतं, लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली, जिवंत किती, गेली किती. एका शेतमजुराच्या घराचा तेवढा एक फॉर्म फेरीत वाचून दाखवला, की लोक बोलायचे थांबतात.

शेवटची १९१८ची मतदारयादी. त्यात नावापुढे छोटी अक्षरं आहेत. बाईच्या नावापुढे 'ओ' म्हणजे घर किंवा जागा तिच्या स्वतःच्या ताब्यात, 'एचओ' म्हणजे नवऱ्याच्या ताब्यातल्या घराच्या आधारावर मत. एका गल्लीची यादी घेऊन 'एचओ' मोजा. त्या दोन अक्षरांत कायदा काय होता ते कळतं.

एक सूचना पदरची. कागद तुमच्याच काउंटीत असतील असं धरून चालू नका. ईगल हाऊसच्या कर्नलांची मुलगी मेरी ब्लॅथवेट यांच्या रोजनिशा बाथजवळच्या त्या घरात लिहिल्या गेल्या, पण आहेत ग्लॉस्टरशरच्या अभिलेखागारात, कारण घराण्याची कागदपत्रं तिकडे गेली.

तिसरी पायरी: कागदावरून जमिनीवर

आता जागा ठरवायच्या. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा-खात्याच्या जुन्या नकाशांच्या प्रती स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं फुकट उपलब्ध केल्या आहेत. जुना आणि नवा नकाशा शेजारी ठेवून बघता येतो. १९१० च्या सुमाराची प्रत घ्या. बातमीतली 'चौकातली सभा' नक्की कुठल्या चौकात, 'लोहाराच्या दुकानासमोर' म्हणजे आज कुठे, हे त्यावरून लागतं.

प्रत्येक थांब्यासाठी मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: हे इथेच घडलं का, की मला ही जागा आवडली म्हणून मी ते इथे सांगतोय? दुसरं असेल तर थांबा रद्द. याला अपवाद एकच ठेवा. फेरीत लांबचा माळ किंवा रान लागलं, जिथे कागदात काहीच नाही, तिथे चालता चालता व्यापक गोष्ट सांगा आणि 'ही इथली नाही' हे आधी स्पष्ट करा. उदाहरणार्थ, ऑक्टोबर १९१२ मध्ये एडिंबरोहून लंडनला फ्लोरेन्स द फॉनब्लांक यांच्या मागे तपकिरी पोशाखातल्या मूठभर बायका निघाल्या, वाटेत अर्जावर सह्या घेत. १२ ऑक्टोबर ते १६ नोव्हेंबर, म्हणजे थंडी-पावसाचे पाच आठवडे. चिखलात बूट रुततोय अशा वेळी ही गोष्ट सांगावी.

थांबे एकाच तऱ्हेचे नकोत. राहायच्या जागा, बोलायच्या जागा आणि विरोधाच्या जागा, तिन्ही हव्यात. सरेचंच बघा. डॉर्किंगजवळच्या होमवुडमध्ये, पँकहर्स्ट यांच्या संघटनेच्या नेतृत्वात असलेल्या पेथिक-लॉरेन्स दांपत्याचं 'द मॅस्कॉट' नावाचं घर होतं. काचा फोडण्याच्या कटाबद्दल त्यांच्यावर खटला झाला, त्याचा खर्च भरायला त्यांनी नकार दिला, तेव्हा १९१२च्या शरदात तिथल्या सामानाचा लिलाव झाला. पीसलेक गावात मॅरियन वॉलेस-डनलॉप यांचं घर होतं. त्यांनी जुलै १९०९ मध्ये तुरुंगात पहिलं उपोषण केलं, ९१ तासांनी त्यांना सोडावं लागलं. आणि वॉल्टन-ऑन-द-हिलला अर्थमंत्री लॉईड जॉर्ज यांच्यासाठी बांधत असलेल्या घरात १९ फेब्रुवारी १९१३ ला सफ्रेजेटनी ठेवलेला बॉम्ब फुटला. एकाच काउंटीत आसरा, उपास आणि स्फोट. हे तिन्ही एका दिवसात पायी होणार नाही, प्रयत्नही करू नका. तुमच्या टापूत अशी तीन निराळ्या जातीची ठिकाणं चालण्याच्या अंतरात आहेत का, तेवढं शोधा.

श्रीमंत घरांचाच इतिहास होऊ नये याची काळजी घ्यावी लागते, कारण कागद त्यांचेच जास्त उरतात. पीक डिस्ट्रिक्टमध्ये अल्पोर्ट कासल्स फार्मवर १८७२ मध्ये जन्मलेल्या हॅना मिचेल यांना शाळा मिळाली दोन आठवडे. चौदाव्या वर्षी त्या घर सोडून चालत निघाल्या. पुढे त्या मताधिकाराच्या वक्त्या झाल्या. त्या खोऱ्यातली फेरी त्यांच्या त्या वाटेवरून नेली तर आणखी वेगळं काही सांगावंच लागत नाही.

चौथी पायरी: वाट आणि वेळेचं गणित

इंग्लंडमध्ये शेतातून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटांना कायद्याचं संरक्षण आहे. पिवळा बाण पायी जाणाऱ्यांसाठी, निळा बाण घोडे आणि सायकलींसाठीही. १:२५,००० प्रमाणाच्या एक्स्प्लोरर नकाशावर त्या हिरव्या तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. या रेषा सोडून कुणाच्या शेतात पंधरा माणसं घालू नका, शॉर्टकट कितीही दिसत असला तरी. (स्कॉटलंडमध्ये नियम निराळे आणि बरेच मोकळे आहेत.)

फेरी सहा ते आठ किलोमीटरची ठेवा. हिशोब असा: नेस्मिथचा जुना नियम सांगतो, ताशी ५ किलोमीटर आणि प्रत्येक ६०० मीटर चढाला एक तास जादा. ७ किलोमीटर आणि १५० मीटर चढ म्हणजे १ तास २४ मिनिटं अधिक १५ मिनिटं, म्हणजे जवळपास १ तास ४० मिनिटं. पण तो नियम धडधाकट एकट्या माणसाचा आहे. एका वेळी एकच जण जाईल अशी फिरती फाटकं आणि कुंपण ओलांडायच्या लाकडी पायऱ्या यांवर पंधरा जणांची रांग लागली, की प्रत्येकी चार-पाच मिनिटं जातात. म्हणून चालायचे दोन-सव्वादोन तास धरा. त्यावर सात थांबे, प्रत्येकी सात मिनिटं, म्हणजे ४९. मधली विश्रांती अर्धा तास. एकूण साडेतीन तास. जाहिरातीत चार लिहा.

सात मिनिटांहून मोठा थांबा नको. उभ्या माणसाचे पाय गार पडले की कान बंद होतात.

पाचवी पायरी: आधी स्वतः चाला, दोनदा

पहिल्यांदा नुसती वाट बघायला. दुसऱ्यांदा फेरीच्याच दिवशी असणार त्या वारी आणि त्या वेळी, आणि या खेपेला प्रत्येक थांब्यावर मोठ्यानं बोलून. वेड्यासारखं वाटतं, पण मोटारींचा आवाज कुठे गिळून टाकतो, ऊन कुणाच्या डोळ्यांवर येतं, पंधरा माणसं रस्ता न अडवता कुठे मावतात, हे घरी बसून कळत नाही. माझ्या पहिल्या फेरीत उत्तम सभास्थान म्हणून निवडलेल्या चौकात नेमका बाजार भरला होता. मी काय बोललो ते पुढच्या तिघांनाच ऐकू गेलं.

नोंदी ठेवा: स्वच्छतागृह कुठे, फोनला रेंज कुठे जाते, पावसानंतर कुठलं वळण घोट्याएवढं बुडतं, गायी कुठल्या कुरणात आहेत. वासरं सोबत असलेल्या गायींच्या मधून कधीच जायचं नाही, लांबून वळसा घालायचा. आणि कुणाच्या राहत्या घराविषयी बोलायचं असेल तर दारासमोर घोळका नको. पुढच्या वळणावर थांबून मागे वळून दाखवा. तिथे आज राहणाऱ्या माणसांनी हा इतिहास मागितलेला नाही.

सहावी पायरी: थांब्यावर काय आणि कसं

प्रत्येक थांब्याला तीन गोष्टी पुरतात: समोर दिसणारं काहीतरी, एक माणूस आणि एक कागद. कागद म्हणजे खरोखर हातात फिरवायचा कागद, प्लास्टिकच्या पाकिटात घातलेली जनगणनेच्या फॉर्मची किंवा बातमीची मोठी प्रत. वाचायला गटातल्याच कुणाला तरी द्या. तुमच्या आवाजाला लोक अर्ध्या तासात सरावतात, नवा आवाज आला की परत कान देतात.

पाठ केलेलं भाषण टाळा. तारखा मात्र हाताशी लिहून ठेवा, कारण १८९४, १९११, १९१३, १९१८, १९२८ यांची सरमिसळ तोंडातून सहज होते आणि गटात एक निवृत्त शिक्षिका हमखास असते.

सर्वांत रंगतो तो कार्डांचा खेळ. निघताना प्रत्येकाच्या हातात एकेक कार्ड द्या, त्यावर १९१८ मधलं एक कल्पित गावकरी माणूस: वय, लग्न, घर. शेवटच्या थांब्यापर्यंत ते खिशात. तिथे विचारायचं, १४ डिसेंबर १९१८ च्या निवडणुकीत तुम्हाला मत होतं का? काही नमुने देतो. बत्तीस वर्षांची मोलकरीण, मालकाच्याच घरात राहते: नाही. अठ्ठावीस वर्षांची शिक्षिका: नाही, वयच नाही. पंचेचाळीस वर्षांची, शेतमालकानं दिलेल्या झोपडीवजा घरात राहणाऱ्या मजुराची बायको: हो, नवऱ्याच्या घरामुळे. एकतीस वर्षांची मुलगी, वडिलांच्या शेतावर राबते, त्यांच्याच घरी राहते: नाही. भाड्याच्या घरात एकटी राहणारी बावन्न वर्षांची विधवा: हो. एकोणीस वर्षांचा, युद्धावरून आलेला सैनिक: हो.

हा खेळ बनवताना कायदा नीट वाचा. 'तीस वर्षांवरच्या, पाच पौंडांची मालमत्ता असलेल्या बायकांना मत' असं सरसकट लिहिलेलं सगळीकडे दिसतं. पाच पौंडांची वार्षिक मूल्याची अट घराला नव्हती, ती जमीन किंवा दुकानासारख्या जागेला होती. राहतं घर कितीही स्वस्त असलं तरी चालत असे. म्हणूनच मजुराच्या बायकोला मत मिळालं आणि मालकाच्या मोठ्या घरात राहणाऱ्या मोलकरणीला नाही. ८४ लाख बायका त्या वर्षी मतदार झाल्या. कारखान्यांत युद्धसामग्री बनवणाऱ्या तरुण मुली त्यांत नव्हत्या. पुरुषांच्या बरोबरीनं, एकविसाव्या वर्षी मत मिळायला २ जुलै १९२८ उजाडला.

सातवी पायरी: अवघड थांबे टाळू नका

विरोधक केवळ पुरुष नव्हते. बायकांच्या मताधिकाराला विरोध करणारी बायकांचीच संघटना १९०८ मध्ये निघाली आणि तिच्या अग्रभागी होत्या कादंबरीकार मेरी वॉर्ड. त्यांचं घर हर्टफर्डशरमधल्या ऑल्डबरी गावाजवळ, 'स्टॉक्स'. बाई हुशार, शिक्षणासाठी आयुष्यभर काम केलेली. तिथे थांबून त्यांची टिंगल करणं सोपं आहे. त्यांचे मुद्दे जसे होते तसे मांडा आणि गटाला उत्तर देऊ द्या. वाद चांगला होतो.

गर्दीही सांगा. २३ जुलै १९१३ ला ससेक्समधल्या ईस्ट ग्रिन्स्टेडला कायदा पाळणाऱ्या त्या यात्रेकरू बायकांवर सुमारे दीड हजारांचा जमाव चालून गेला. मातीची ढेकळं, टोमॅटो आणि अंडी फेकली. फलक कुठल्या संघटनेचा आहे हे वाचायची कुणाला गरज वाटली नव्हती. त्याच्या वर्षभर आधी, सप्टेंबर १९१२ मध्ये, वेल्समधल्या लनस्टम्डुई गावात लॉईड जॉर्ज यांच्या सभेत घोषणा देणाऱ्या सफ्रेजेटना जमावानं बेदम मारलं होतं. आणि दुसरी बाजूही लपवायची नाही: जाळपोळ आणि बॉम्ब झाले, त्यात माणसांचे जीव धोक्यात आले. ईगल हाऊसच्या एमिली ब्लॅथवेट, म्हणजे कर्नलांच्या पत्नी, यांनी हिंसा नको म्हणून सप्टेंबर १९०९ मध्येच पँकहर्स्ट यांच्या संघटनेचा राजीनामा दिला. झाडं मात्र त्यानंतरही लागत राहिली. माणसं अशी असतात, हे त्या बागेइतकं दुसरीकडे कुठे दिसत नाही.

आपल्या लोकांना जवळचा वाटेल असा एक थांबा बकिंगहॅमशरमधल्या पेन गावात आहे. महाराजा दलीप सिंग यांची मुलगी सोफिया १९४८ मध्ये तिथे वारली. हॅम्प्टन कोर्टमध्ये राहताना तिनं मत नाही म्हणून कर भरायला नकार दिला आणि तिची हिऱ्याची अंगठी जप्त होऊन लिलावात गेली. पंजाबचं राज्य आणि कोहिनूर ज्या घराण्याकडून घेतला गेला त्याच घराण्यातल्या मुलीची अंगठी. हे सांगताना आवाज चढवायची गरज पडत नाही.

फेरीत कुणीतरी हमखास म्हणेल, 'माझी पणजी सफ्रेजेट होती.' खोडून काढू नका, मानही डोलावू नका. नाव आणि गाव लिहून घ्या, १९११चा फॉर्म शोधायला मदत करा. दहातल्या एक-दोन वेळा खरंच काहीतरी निघतं, बहुतेकदा त्यांनी सांगितलं त्याहून निराळं.

प्रत्यक्ष दिवशी

पंधराच्या वर माणसं घेऊ नका. तुम्ही पुढे, आणि सर्वांत मागे एक ठरवलेला माणूस, ज्याच्या मागे कुणी राहायचं नाही. प्रथमोपचाराची पेटी, जादा पाणी, कागदी नकाशा. अडचण आली तर ९९९ हा आपत्कालीन क्रमांक. गट मोठा किंवा फेरी सशुल्क असेल तर दायित्वाचा विमा काढा. एखाद्या चालणाऱ्या मंडळाचे सभासद असाल तर त्यांच्या विम्यात तुम्ही येता का ते विचारा. फाटक जसं होतं तसंच सोडायचं, बंद असेल तर बंद. कुत्रे दोरीला. बूट कसले हवेत हे नोंदणी करतानाच लिहा, चिखल होईल हेही लिहा.

सुरुवात आणि शेवट बस किंवा रेल्वेपाशी ठेवा. शेवटचा थांबा गावाच्या सभागृहापाशी असलेला उत्तम, आजही तिथे मतदान होत असेल तर फारच छान. आधी चौकशी करून घ्या. तिथे कार्डं बाहेर काढा. मत असलेले एका बाजूला, नसलेले दुसऱ्या बाजूला. मोलकरणीचं कार्ड हाती आलेला माणूस बहुतेक वेळा चुकीच्या बाजूला जाऊन उभा राहतो आणि मग वाद सुरू होतो. शेवटची बस किती वाजता आहे ते मात्र कार्डं काढण्याआधीच सांगून टाका.